यझ्दची भावंडे डहाणूत

डहाणूचा चिकू आपण खाल्ला असेलच. तो इथे रुजवणाऱ्यांत जी इराणी कुटुंबे होती, त्यांची हकीकत मात्र थोड्यांनाच ठाऊक असते.

इराणातील यझ्द आणि केरमान या जरथुष्ट्री लोकांच्या जुन्या वस्त्या. तेथे त्यांच्यावर जिझिया कर असे. मुंबईच्या पारशांनी 1854 साली माणेकजी लिमजी हातरिया यांना तिकडे धाडले. त्यांच्या खटपटीने 1882 साली तो कर उठला. पण मध्यंतरी 1870 ते 1872 चा भीषण दुष्काळ येऊन गेला होता. माणसे हिंदुस्थानची वाट धरू लागली. सगळे घर एकदम कसे उठणार? आधी एखादा यायचा, बूड टेकले की भावंडांना बोलावून घ्यायचा.

इथे पारशी धर्मबंधू होते खरे. पण ते शेकडो वर्षांपूर्वी संजाणला उतरलेले, बोलणे गुजराती. इराण्यांच्या घरात दरी बोली. शेजारी गुजराती, कचेरीत मराठी, वाडीत वारली. एकाच आईची लेकरे, पण थोरल्याला यझ्दची गल्ली आठवायची आणि इथे जन्मलेल्या धाकट्याला ती नुसती ऐकून माहीत. 'आपले घर' म्हटले की दोघांच्या डोळ्यांपुढे दोन गावे यायची.

हा तिढा पुष्कळसा झाडांनी सोडवला. चिकूही परदेशीच, मूळचा मेक्सिकोकडचा. त्याचे भरघोस पीक हाती यायला कित्येक वर्षे जावी लागतात. उद्या परतायचे म्हणणारा माणूस असले झाड लावील काय?

पण वाचकहो, ही भूमी काही ओसाड नव्हती. डहाणू-तलासरीचे रान हे वारल्यांचे घर. त्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या. त्या जमीनदारांत इतरांबरोबर पारशी आणि इराणीही होते. लग्नासाठी कर्ज काढलेला वारली बायकोसह धन्याकडे राबे. त्याला 'लग्नगडी' म्हणत. 1945 च्या मे महिन्यात तलासरीजवळ झरी गावी वारल्यांची परिषद भरली. शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या साथीने त्यांनी वेठबिगार झुगारून दिली. एकाला घर मिळत असता दुसरा आपल्याच घरात गडी झाला होता, हेही इतिहासाने नोंदवलेच पाहिजे.

2016 साली डहाणू-घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले. मेक्सिकोचे झाड कागदोपत्रीसुद्धा डहाणूचे झाले. त्याला पाणी घालणाऱ्या हातांत यझ्दचे हात होते, तसेच वारल्यांचेही. चिकू हाती घ्याल तेव्हा दोघांचीही आठवण असू द्या.