समोरचा ऐकत नाही तेव्हा

एक जुनं पांढरं बनियन आणि एक लाल स्केचपेन, एवढं साहित्य पुरतं. चाकू हिसकावण्याचा डाव शिकून आलेल्या मित्राला बनियन घालायला सांगायचं आणि पेन दुसऱ्याच्या हाती द्यायचं. पेनवाल्याला सूचना एकच: शिबिरातल्या जोडीदारासारखा एक वार करून हात पुढे धरून थांबू नकोस, डाव्या हाताने बनियन मुठीत धर आणि उजव्याने सुटतील तेवढे वार कर. वीस सेकंदांनी थांबवायचं आणि रेघा मोजायच्या. हा खेळ मी नवख्यांबरोबर खेळलो आहे, काळ्या पट्ट्याच्या मंडळींबरोबरही. कोरं बनियन अजून परत आलेलं नाही.

स्वसंरक्षणाच्या अभ्यासात येणाऱ्या वाचकाचं स्वागत मी या रेघांनी करतो, ते त्याला घाबरवायला नव्हे. आपण जे शिकलो ते कुणावर शिकलो, हा प्रश्न त्याला पहिल्याच दिवशी पडावा म्हणून. मित्राचा डाव खोटा नसतो, त्याचा शिबिरातला जोडीदार खोटा असतो. या पुस्तकात डावांची चित्रं शोधणाऱ्याची निराशा होईल. चित्रातला हल्लेखोर नेहमी शहाण्यासारखा वागतो.

प्रश्न जुनाच आहे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योत कोदोकान ही जुदोची शाळा सुरू केली, तेव्हा जुन्या जुजुत्सूतले घातक प्रकार त्यांनी मोकळ्या सरावातून बाजूला काढले. ऐकणाऱ्याला वाटावं, विद्या बोथट झाली. झालं उलटं. उरलेल्या फेकी आणि पकडी विरोध करणाऱ्या माणसावर पूर्ण ताकदीने, रोज करता येऊ लागल्या. डोळ्यात बोटं घालण्याचा डाव कितीही जालीम असला, तरी त्याची तालीम करणार कुणावर? आपल्याकडे हे समजावून सांगायला कुणी तत्त्वज्ञ लागला नाही. कोल्हापूरच्या तालमीत पहाटे जाऊन बघा. जोर-बैठका झाल्या की लाल मातीत जोड उतरते, आणि समोरचा मल्ल तुम्हाला पट काढू देत नाही म्हणजे खरोखरच देत नाही. ढाक लागली की नाही हे हौद्याच्या कडेला उभ्या वस्तादांना विचारावं लागत नाही, पाठीची माती सांगते.

मर्दानी खेळांबद्दल लिहिताना मात्र हात जरा आखडतो, कारण माणसं दुखावतात. दांडपट्टा फिरताना बघून माझंही मन भरून येतं आणि तो जपलाच पाहिजे. पण आज तो बहुतेक मिरवणुकीत आणि प्रात्यक्षिकांत दिसतो. त्याला अडवणारं समोर कुणी नसतं. कॉलेजातल्या मुलींना छेडछाडीवरचा उपाय म्हणून तो आठवड्याभरात शिकवणं हा खेळावरही अन्याय आणि मुलींवरही.

जोडीदाराइतकाच महत्त्वाचा आहे प्रसंग. प्रत्येक पद्धत कुठल्या तरी ठरावीक अडचणीतून जन्मलेली असते. विल्यम फेअरबर्न १९०७ मध्ये शांघायच्या पोलिसांत दाखल झाले. त्या बंदरातल्या अनुभवातून त्यांनी ‘डिफेंडू’ बांधली, १९२६ मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंना मोजके, ओबडधोबड, लवकर अंगात मुरणारे फटके शिकवले. इमी लिख्टेनफेल्ड ब्रातिस्लाव्हात वाढले. कुस्ती आणि मुष्टियुद्धाचे ते खेळाडू. १९३०च्या दशकात ज्यू वस्तीवर चालून येणाऱ्या टोळक्यांशी दोन हात करताना त्यांना कळलं की रिंगणातले नियम रस्त्यावर कुणी पाळत नाही. पुढे इस्रायली सैन्यात क्राव मागा उभी राहिली ती त्यातूनच. फेअरबर्नचा कमांडो काय किंवा लिख्टेनफेल्डचा जवान काय, तो तरुण होता, हुकमाखाली होता आणि त्याला शत्रूवर चाल करून जायचं होतं. ठाण्यात संध्याकाळी सातच्या बॅचला येणाऱ्या बँकेतल्या बाईंना चाल करून जायचं नसतं, घरी पोचायचं असतं. शिक्षकाने हा फरक पचवला असेल तर क्राव मागा उत्तम. नसेल तर बाई सैनिकाचं अर्धं शिक्षण पूर्ण पैसे देऊन विकत घेतात.

१९९३च्या नोव्हेंबरात अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसी या पिंजऱ्यातल्या झुंजींची पहिली स्पर्धा झाली. अंगाने किरकोळ दिसणाऱ्या रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना शरण आणलं आणि जमिनीवरच्या पकडीकडे जगाचं लक्ष गेलं. धडा मोठाच होता. पण तिथे समोर एका वेळी एकच माणूस होता, खाली गादी होती, शेजारी पंच होता. डांबरी रस्त्यावर एखाद्याला घेऊन खाली पडलात तर त्याच्या मित्राचा बूट तुमच्या डोक्यापाशी यायला वेळ लागत नाही. शिवाय पिंजऱ्यात लढत कधी सुरू होते हे दोघांनाही ठाऊक असतं.

ती कधी सुरू होते हे ओळखणं, हा या अभ्यासाचा मला सर्वांत रस असलेला भाग. अमेरिकेत तुरुंग अधिकारी म्हणून काम केलेले रोरी मिलर यांनी २००८च्या ‘मेडिटेशन्स ऑन व्हायोलन्स’मध्ये हिंसेच्या दोन जाती वेगळ्या काढल्या आहेत. एक मानापमानाची. सिग्नलला स्कूटर घासते, आवाज चढतो, बोट छातीला टेकतं, “मी कोण आहे माहीत नाही तुला!” भोवती बघे जमलेले, म्हणून माघार कुणालाच घेता येत नाही. इथे “चुकलं दादा” हे दोन शब्द बहुतेक ठोशांपेक्षा जास्त काम करतात, फक्त ते गिळायला जड जातात. दुसरी जात शिकारीची. इथे वाद होत नाही. जागा त्याने निवडलेली असते, तो साधेपणाने वेळ विचारत जवळ येतो, आणि माफी मागून काही उपयोग नसतो. पहिलीवरचा उपाय दुसरीला लावला की घात होतो, दुसरीवरचा पहिलीला लावला की पोलीस केस. एकच पद्धत सगळ्यावर चालते असं सांगणारा शिक्षक भेटला की मी त्याला हाच फरक विचारतो.

इथे माझी फजिती सांगून टाकतो. अनेक वर्षं हवेत ठोसे मारून झाल्यावर एका एसटी स्टँडवर एका दारुड्याने माझी कॉलर धरली. हात वर गेलेच नाहीत. तोंडातून शब्दही फुटला नाही. शेजारी केळी विकणाऱ्या मावशी ओरडल्या, “ए, सोड त्याला!” आणि त्याने सोडलं. मावशींनी कुठलाही वर्ग केला नव्हता. मला मात्र कुणी मोठ्याने ओरडायचा सराव दिला नव्हता.

आवाजाची गोष्ट गमतीत नेऊ नका, कारण या क्षेत्रातला सर्वांत भक्कम पुरावा त्याच दिशेचा आहे. शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातल्या तीन विद्यापीठांत ८९३ विद्यार्थिनींवर एक चाचणी घेतली. २०१५ मध्ये ती न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आली. निम्म्या मुलींना माहितीपत्रकं मिळाली, निम्म्यांना बारा तासांचं प्रशिक्षण. वर्षभरात बलात्काराला बळी पडण्याचं प्रमाण पहिल्या गटात ९.८ टक्के होतं, दुसऱ्यात ५.२. त्या बारा तासांत शारीरिक डाव होते जेमतेम दोन तास. बाकीचा वेळ ओळखीच्या माणसातला धोका ओळखणं, आपल्याला काय हवं आणि काय नको हे स्पष्ट ठरवणं आणि ‘त्याला वाईट वाटेल’ या अडसरावर मात करणं, यात गेला. आपल्या राष्ट्रीय गुन्हे नोंदणीतही बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो. तरीही शिबिरांत शिकवला जातो तो अंधारात मागून केस ओढणारा अनोळखी माणूस. शेजारच्या काकांचा हात खांद्यावरून काढायला लावणं हे त्याहून अवघड, आणि त्याची तालीम क्वचितच होते. यातला दोष हल्ला करणाऱ्याचाच असतो, प्रशिक्षण घेतलं नाही म्हणून तो कुणा मुलीवर सरकत नाही, हेही त्याच वर्गात सांगायला हवं.

कायद्याबद्दल थोडक्यात. भारतीय न्याय संहितेची ३४ ते ४४ ही कलमं खासगी बचावाच्या हक्काची आहेत. १ जुलै २०२४पूर्वी हेच दंडसंहितेच्या ९६ ते १०६ कलमांत होतं. बलात्कार, अपहरण, अ‍ॅसिडहल्ला अशा प्रसंगी हा हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत पोचू शकतो. पण गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला सवड असेल तर हक्क उरत नाही. जीव वाचवताना प्रत्येक फटका तराजूत तोलता येत नाही हे न्यायालयंही मानतात. पळणाऱ्याला गाठून मारणं मात्र बचाव नव्हे. खाली पडलेल्या माणसाला ‘अजून दोन लाथा’ घालायची सवय लावणारे वर्ग मी पाहिले आहेत. ती सवय कोर्टात महाग पडेल.

मग निवडायचं काय? आठवड्याच्या दोन संध्याकाळी मोकळ्या असतील तर घराजवळची कुस्तीची तालीम, जुदो, बॉक्सिंग किंवा ब्राझिलियन जिउजित्सू, जे सापडेल ते. नावापेक्षा अंतर महत्त्वाचं. तासभर प्रवास करून गाठायचा वर्ग पावसाळ्यात सुटतो. त्याला जोड म्हणून बोलणं, ओळखणं, निसटणं आणि कायदा शिकवणारा छोटा अभ्यासक्रम. वर्ग बघायला गेलात की जोडीदार विरोध करतात का ते पाहा. सराव पळून जाण्यावर संपतो का, “हे कधीकधी जमत नाही” असं शिक्षक स्वतःहून म्हणतो का, तेही पाहा. शनिवार-रविवारच्या प्रमाणपत्राची आणि शंभर टक्के गॅरंटीची पाटी दिसली तर चहा पिऊन परत या. आणि पहिल्या दिवशी फीचे पैसे बरोबर नेऊ नका. त्या दिवशी फक्त बघा.