धर्मादायाच्या हिशेबाची कुळकथा

दान देणारा उदक सोडून मोकळा होतो आणि ज्याच्या हाती दान पडते तो त्याचा मालक होत नाही. तेव्हा दात्याच्या पश्चात त्या मिळकतीचा जमाखर्च विचारण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न धर्मशास्त्रापेक्षा दप्तराचा अधिक आहे, आणि आपल्याकडील धर्मादायविषयक कायद्यांचा सारा वंशवृक्ष याच एका प्रश्नातून वाढलेला आहे.

पेशवाईत उत्तर शोधावे लागत नसे. जी सत्ता सनद देई तीच देवस्थानच्या इनामाची, नंदादीपाच्या तेलाची आणि वैदिकांच्या वर्षासनांची नोंद आपल्या दप्तरी ठेवी, आणि श्रावणमासातील दक्षिणाही सरकारी खजिन्यातूनच वाटली जाई. पेशवाई गेली तरी एल्फिन्स्टनने ही दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिच्याच रकमेच्या आधाराने 1821 साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली, आणि 1849 साली लोकहितवादी आदी सुधारकांनी, या दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथरचनेस मिळावा, असा अर्ज सरकारकडे केला तेव्हा पुण्यात केवढी खळबळ उडाली! मूळ हेतू कालबाह्य झाला असता त्याच्या निकटच्या हेतूकडे दान वळवावे, हे तत्त्व इंग्रज न्यायाधीशांच्या पोथीत होतेच. पण त्याचा पहिला जाहीर वाद आपल्याकडे झाला तो ब्राह्मणांच्या दक्षिणेवरून, हे विसरून चालणार नाही.

याच सुमारास विलायतेतील मिशनरी पक्षाने ओरड केली की ख्रिस्ती सरकार मूर्तिपूजेचा कारभार पाहते हे अनुचित होय, आणि कंपनी सरकारने देवस्थानांच्या व्यवस्थेतून हळूहळू अंग काढून घेतले. राजा बाजूला झाला, पंच आले. परंतु पंचांस जाब विचारणारा कोणीच उरला नाही. पर्वती संस्थानच्या पंचांच्या कारभाराविषयी पुणेकरांची तक्रार होती, आणि त्या तक्रारीच्या खटपटीतूनच 2 एप्रिल 1870 रोजी सार्वजनिक सभा जन्मास आली. सभेच्या चालकांनी, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने, असा दंडक घातला की सभासद होऊ पाहणाऱ्याने निदान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे. पंचाण्णव सभासदांच्या पाठीशी सहा हजारांहून अधिक लोकांच्या सह्या उभ्या राहिल्या. पुढे राजकारणाच्या क्षेत्रात एवढा लौकिक मिळवणारी ही संस्था मुळात एका देवळाचा हिशेब मागण्यासाठी निघाली, ही गोष्ट इतिहासकार ओझरती सांगून पुढे जातात. मला तर तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. परक्या सरकारकडे अंदाजपत्रकाचा जाब मागण्याची सवय आधी आपल्याच पंचांकडे जाब मागून लागली.

न्यायालयात हा प्रश्न आला तो डाकोरच्या रणछोडरायाच्या निमित्ताने. हे देऊळ गोपाळ जगन्नाथ तांबेकर या मराठी सावकाराने अठराव्या शतकात बांधलेले. देवापुढे पडणारे द्रव्य, दागिने आणि वस्त्रे तेथील सेवक आपली खासगी मिळकत समजून वाटून घेत; त्याविरुद्ध मनोहर गणेश तांबेकर व इतर दिवाणी न्यायालयात गेले. 1887 साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती वेस्ट यांनी दिलेला निर्णय आजही विधिमहाविद्यालयांत शिकवला जातो : हिंदू दात्याला इंग्रजी पद्धतीचा न्यासलेख करण्याची आवश्यकता नाही, देवता ही स्वतःच विधिमान्य व्यक्ती आहे, आणि जे हात ते द्रव्य उचलतात ते हिशेबाला बांधलेले आहेत. मात्र असा दावा लावणे सोपे नव्हते. दिवाणी प्रक्रिया संहितेत 1877 साली आलेले आणि 1908 च्या संहितेत 92 वे म्हणून प्रसिद्धीस आलेले कलम म्हणे की हितसंबंध असलेल्या दोघांनी तरी पुढे यावे आणि अॅडव्होकेट जनरलची संमती आणावी. वकिलांची फी, तारखांमागून तारखा आणि गावातील बड्या धेंडांशी वैर एवढे पत्करून देवाचा हिशेब मागणारे दोघे मिळणे दुर्मीळ होते, यात नवल नाही.

म्हणून मुंबई सरकारने 1935 साली सार्वजनिक न्यासांच्या नोंदणीचा आणि हिशेबतपासणीचा कायदा केला, आणि तो अपुरा पडल्यावर 1948 साली न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली; मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, 1950 आणि त्याबरोबर आलेले धर्मादाय आयुक्तांचे पद ही त्या विचारमंथनाची फळे होत. देऊळ, मठ, वक्फ, चर्च, सिनेगॉग, अग्यारी आणि 1860 च्या कायद्याखाली नोंदलेल्या धर्मादाय संस्था, सर्वांना एकाच छत्राखाली घेणारा असा हा कायदा होता. ज्याने कधी एखाद्या वाचनालयाची किंवा व्यायामशाळेची चिटणिशी केली असेल त्याला हे कार्यालय ग्रंथांतून समजावून सांगावे लागत नाही : संस्थेच्या क्रमांकामागे लागणारे ‘एफ’ हे अक्षर, मिळकत आणि विश्वस्त यांची यादी असलेले परिशिष्ट एक, विश्वस्त बदलला की करावयाचा बदल अर्ज, आणि कार्यकारिणीत दोन तट पडले की वर्षानुवर्षे पडून राहणारा तोच बदल अर्ज. जमीन विकणे, अदलाबदल करणे किंवा दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने देणे यांस 36 व्या कलमान्वये पूर्वमंजुरी लागते, आणि माझ्या मते साऱ्या कायद्यात दात्याच्या स्मृतीचे रक्षण कोणी खरोखर केले असेल तर ते या रूक्ष कलमाने.

या अधिनियमातील 54 वे कलम मात्र फारसे कोणी वाचत नाही, आणि तेच मला सर्वांत रसाळ वाटते. जुन्या पेठेतील आडत्याच्या पट्टीवर मालाच्या किमतीखाली अडत, हमाली, तोलाई अशा रकमा मांडलेल्या असत आणि त्यांच्या शेजारी पोत्यामागे काही पै ‘धर्मादाय’ म्हणून लावलेले असत. त्या पैशांतून पांजरपोळ चाले, पाणपोई चाले, क्वचित धर्मशाळाही उभी राही. ही रक्कम देणारा कोण? व्यापारी म्हणे आपण, शेतकरी म्हणे आपण. आणि पुण्याचे श्रेय मात्र बहुधा ज्याच्या नावाची पाटी लागे त्याच्या पदरी पडे. कायद्याने हा घोळ एका वाक्यात मिटवला : अशी रक्कम जो वसूल करतो तो तिचा विश्वस्त होय आणि वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत त्याने तिचा हिशेब दाखल केला पाहिजे. नफ्यासाठी चाललेल्या पेढीच्या वहीत नफ्याबाहेरचे एक खाते आहे, हे विधिमंडळाने मान्य केले ते तेथे. अलीकडे 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यासाठी खर्च करण्याचे बंधन घातले तेव्हा पुष्कळांना ते अपूर्व वाटले. पेठेतील मुनिमाला ते तितकेसे वाटले नसते.

1950 च्या या नव्या कायद्याला आव्हान मिळणारच होते. एका जैन देवालयाचे व्यवस्थापक आणि मुंबईच्या पारशी पंचायतीचे विश्वस्त सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि 1954 साली न्यायमूर्ती बिजनकुमार मुखर्जी यांनी रेषा आखून दिली : हिशेब मागावा, नोंदणी करावी, देखरेखीच्या खर्चासाठी वर्गणी घ्यावी, कारण ती कर नसून शुल्क आहे; पण आयुक्तालाच धार्मिक न्यासाचा विश्वस्त करणे किंवा धर्मासाठी ठेवलेला पैसा न्यायालयाने परक्या हेतूकडे वळवणे धर्मस्वातंत्र्याशी विसंगत होय.

दानधर्म करणारा मालकही मालकच असतो, हे 1978 साली बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितले, आणि धर्मादाय संस्थांच्या पगारी नोकरांनाही औद्योगिक कलह कायद्याचे दार उघडले. धर्मादाय रुग्णालयांच्या बाबतीत तर हिशेबाचे एककच बदलले. 1950 च्या अधिनियमातील 41 अअ या कलमाच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने 2006 साली जी योजना मंजूर केली तिच्याअन्वये शंभरांतील दहा खाटा निर्धन रुग्णांस विनामूल्य, दहा दुर्बल घटकांस सवलतीने राखून ठेवावयाच्या, आणि एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत वेगळी भरावयाची. म्हणजे आता तपासनिसाला जमाखर्चाच्या वहीबरोबर खाटांची नोंदवहीही उघडून पाहावी लागते.