जरा सरकून घ्या

मराठी माणूस प्रवासात सर्वांत जास्त वेळा कोणते वाक्य बोलत असेल, असा प्रश्न स्पर्धा परीक्षेत आला, तर माझे उत्तर तयार आहे : ‘जरा सरकून घ्या.’ या तीन शब्दांत विनंती आहे, हक्क आहे आणि किंचित धाकही आहे. आमच्या सीमाभागात तर हे वाक्य दोन भाषांत चालते. निपाणीच्या स्टँडवर गाडीत चढलेला माणूस कन्नड असेल, तर ‘स्वल्प सरीरी’ म्हणतो, मराठी असेल तर ‘सरका की जरा’ म्हणतो. बाकावरचा कोणत्याही भाषेचा असो, सरकतो. भाषेचा प्रश्न त्या बाकापुरता तरी सुटलेला असतो.

याचे कारण बाक. एस.टी.चा किंवा जुन्या तिसऱ्या वर्गाचा लाकडी बाक कुणा एकाच्या मालकीचा नसे. तिघांच्या बाकावर चौघे बसत, चौथा अर्धा बाहेर लटके, आणि पुढच्या थांब्याला पाचवा येऊन पुन्हा तेच वाक्य म्हणे. खिडकीतून रुमाल किंवा टोपी आत टाकून जागा ‘धरण्या’ची आपली पद्धतही याच बाकामुळे जन्मली. ज्याची नोंदणी नाही, त्याला निशाणी लागते.

बाक गेला आणि क्रमांकाची खुर्ची आली, तेव्हा क्रियापद बदलले. खुर्चीत सरकता येत नाही. एक तर बसायचे, नाही तर उठायचे. विमानात ही गोष्ट टोकाला गेली. तिथे प्रत्येक जागेला रांगेचा आकडा आणि एक अक्षर असते, आणि खिडकीची, मधली व वाटेकडची अशा तीन जाती पडलेल्या असतात. आपल्या देशात २०१३ पासून विमान कंपन्यांना पसंतीच्या जागेचे वेगळे पैसे घेण्याची मुभा मिळाली. त्यामुळे आज खिडकीपाशी बसलेल्या माणसाने ती खिडकी बहुधा विकत घेतलेली असते. अशा माणसाला ‘जरा जागा बदलता का?’ असे विचारणे म्हणजे त्याच्या खिशातल्या वस्तूची मागणी करणे. तरी ती रोज होते.

गेल्या वर्षी मुलीकडे जाताना मी असाच जादा पैसे भरून खिडकी घेतली होती. माझ्या जागेवर एक तरुण आधीच ऐसपैस बसलेला. मी क्रमांक दाखवला, तर म्हणाला, “काका, आम्ही मित्र एकत्र आहोत. तुम्ही मागे बसा ना, एकोणिसाव्या रांगेत.” एकोणिसाव्या रांगेतली ती जागा अर्थातच मधली होती. मी म्हटले, “आधी उठा, मग विचारा.” तो उठला, आणि उठल्यावर मात्र त्याने विचारले नाही. परतीच्या प्रवासात एका बाईंनी विचारले. त्यांचे चार वर्षांचे मूल एका रांगेत आणि त्या स्वतः तीन रांगा मागे. त्या उभ्या राहूनच विचारत होत्या आणि ‘नाही म्हणालात तरी चालेल’ असे सुरुवातीलाच सांगत होत्या. मी तत्काळ उठलो. शिष्टाचाराचे पुस्तक मी वाचलेले नाही, पण इतके कळते की मागणाऱ्याने बसून मागू नये, आपल्याजवळची जागा निदान तितकीच चांगली असावी, आणि ‘नाही’ ऐकण्याची तयारी घरून आणावी.

इतिहास शिकवणाऱ्या माणसाला मात्र हा प्रश्न इथे सोडून देता येत नाही. कारण ‘आपण जरा उठता का?’ या सौम्य वाक्याचे पूर्वज मुळीच सौम्य नव्हते.

७ जून १८९३ ची रात्र आपल्या मुलांना पाठ असते. गांधीजी पहिल्या वर्गाचे तिकीट घेऊन डरबानहून प्रिटोरियाला निघाले होते आणि पीटरमॅरिट्झबर्ग स्थानकावर त्यांना गाडीबाहेर ढकलण्यात आले. पाठ्यपुस्तक इथे थांबते. आत्मकथा थांबत नाही, आणि खरी मौज, मौज हा शब्द चुकीचा असला तरी वापरतो, पुढे आहे. त्या रात्री डब्यात एक गोरा प्रवासी आला, त्याने गांधीजींना वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि तो एक शब्दही न बोलता बाहेर गेला. परत आला तो रेल्वेच्या अधिकाऱ्यांना घेऊन. मागणी त्याची होती, पण मागणारे तोंड दुसऱ्याचे होते. अधिकाऱ्याने सामानाच्या डब्यात जाण्यास सांगितले, गांधीजींनी नकार दिला, शिपाई आला. दक्षिण गोलार्धातला जून म्हणजे हिवाळा. ओव्हरकोट सामानात आणि सामान रेल्वेच्या ताब्यात, अशा स्थितीत त्यांनी प्रतीक्षागृहात कुडकुडत रात्र काढली.

चार्ल्सटाउनपासून पुढे त्या काळी रेल्वे नव्हती, घोड्यांची टपालगाडी होती. तिथे गांधीजींना आत गोऱ्यांबरोबर बसू दिले नाही. गाडीचा गोरा प्रमुख स्वतःची बाहेरची, गाडीवानाशेजारची जागा सोडून आत बसला आणि ती जागा त्याने गांधीजींना दिली. अपमान गिळून ते बसले. दुपारी पार्डेकोपला त्या प्रमुखाला बाहेर बसून धूम्रपान करण्याची लहर आली. त्याने एक मळका गोणपाट पायरीवर अंथरला आणि गांधीजींना तिथे, आपल्या पायांशी, बसायला फर्मावले. या वेळी त्यांनी साफ नाही म्हटले. त्याने मारायला सुरुवात केली, हात धरून खाली ओढू लागला. गांधीजींनी पितळी कठडा घट्ट धरून ठेवला. शेवटी आतल्या प्रवाशांनाच दया आली आणि त्यांनी त्याला आवरले.

आता यानंतरचे एक वाक्य आत्मकथेत आहे आणि ते फार थोड्यांच्या लक्षात राहते. गाडीवानाच्या दुसऱ्या बाजूला एक आफ्रिकी नोकर बसला होता. तो खोईखोई जमातीचा, त्या काळी गोरे लोक त्यांना हॉटेंटॉट म्हणत. प्रमुखाने त्याला उठवून पायरीवर बसवले आणि त्याची जागा आपण घेतली. म्हणजे त्या दिवशी तो गोणपाट रिकामा राहिला नाही. गांधीजींनी ‘नाही’ म्हटले, कारण ते बॅरिस्टर होते आणि त्यांच्या खिशात तिकीट होते. त्या नोकराला विचारलेही गेले नाही. त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. मी दहावीच्या वर्गात हा प्रसंग सांगतो, तेव्हा मुलांना आधी पायरी आठवायला सांगतो.

याच प्रवासात तिसरा प्रसंग घडला. जोहान्सबर्गहून पुढे पुन्हा पहिल्या वर्गाचे तिकीट. जर्मिस्टनला गार्डने तिसऱ्या वर्गात जाण्याची खूण केली. डब्यात एकच इंग्रज प्रवासी होता. त्याने गार्डलाच झापले की या गृहस्थांकडे तिकीट आहे आणि ते माझ्याबरोबर बसले तर माझी काही हरकत नाही. गार्ड पुटपुटत निघून गेला. मॅरिट्झबर्गचा प्रवासी बोलला असता आणि हा गप्प बसला असता, तर दोन्ही रात्री वेगळ्या गेल्या असत्या.

अमेरिकेत ही कथा आणखी जुनी आहे आणि योगायोगाने ती आम्हा शिक्षकांची आहे. न्यू यॉर्कमध्ये १८५४ साली एलिझाबेथ जेनिंग्ज या कृष्णवर्णीय शिक्षिका चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला निघाल्या असताना त्यांना घोड्यांच्या ट्राममधून उतरवण्यात आले. त्या न्यायालयात गेल्या आणि १८५५ मध्ये त्यांना २२५ डॉलर भरपाई मिळाली. त्यांचा तरुण वकील चेस्टर आर्थर पुढे अमेरिकेचा अध्यक्ष झाला. टेनेसीतल्या शिक्षिका आयडा वेल्स १८८४ मध्ये रेल्वेविरुद्धचा असाच दावा जिंकल्या, पण १८८७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

माँटगोमेरी शहरातली १ डिसेंबर १९५५ ची संध्याकाळ मात्र तपशिलाने पाहायला हवी. बसमध्ये ३६ जागा. पुढच्या १० गोऱ्यांसाठी राखीव, मागच्या काळ्यांसाठी, आणि मधल्या रांगा ड्रायव्हरच्या मर्जीच्या. गोरा उभा राहू नये, हा नियम. रोझा पार्क्स अशाच मधल्या रांगेत बसल्या होत्या. एक गोरा माणूस उभा राहिला. एका माणसाला बसवण्यासाठी ड्रायव्हरने त्या रांगेतल्या चौघांनाही उठायला सांगितले, कारण गोऱ्याच्या रांगेत काळा बसू शकत नसे. तिघे उठले. शेजारच्या माणसाला वाट देऊन रोझाबाई खिडकीकडे सरकल्या. सरकल्या, पण उठल्या नाहीत. त्यांचे वय ४२ होते. त्या थकलेल्या होत्या म्हणून उठल्या नाहीत, ही लोकप्रिय समजूत त्यांनी आत्मचरित्रात स्वतःच खोडून काढली आहे. त्याच वर्षी मार्चमध्ये क्लॉडेट कोल्विन या १५ वर्षांच्या शाळकरी मुलीने तिथेच असा नकार दिला होता, हेही विसरू नये.

पुढचा बहिष्कार ३८१ दिवस चालला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर डिसेंबर १९५६ मध्ये बस सर्वांना सारखी झाली. पण जागांबाबत आंदोलनाची पहिली मागणी काय होती? गोऱ्यांनी पुढून बसत यावे, काळ्यांनी मागून, आणि बसलेल्याला कुणी उठवू नये. एवढीच. वेगळेपणा मोडा, असेसुद्धा नव्हे! तीही मान्य झाली नाही, तेव्हा प्रकरण पुढे गेले.

हे सारे परमुलखातले सांगून आपण सुटू शकत नाही. बेळगावहून पुण्याला जाताना कराड सोडले की मसूर स्टेशन लागते. आता तिथे आपण खिडकीतून बाहेरही पाहत नाही. १९०१ साली तिथे काही मुले उतरली होती, त्यांत नऊ वर्षांचे भीमराव होते. वडिलांकडे जायला बैलगाडी हवी होती. मुले महार आहेत हे कळताच कुणी गाडीवाला त्यांना न्यायला तयार होईना. अखेर तोड निघाली ती अशी : भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने पायी चालणार. स्वतःच्या गाडीतली स्वतःची जागा सोडून माणूस चालत जातो आणि त्यासाठी पैसेही घेतो, असा जागाबदल जगाच्या इतिहासात दुसरा मला ठाऊक नाही. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत हे लिहिले आहे. पुढे मात्र तोच गाडीवान त्याच गाडीत येऊन बसला, आणि अंधार पडल्यावर मुलांना त्याचीच अधिक भीती वाटू लागली, असेही ते सांगतात. १९२९ मध्ये चाळीसगावला टांगेवाल्याने असाच नकार दिला. टांगा मिळाला, पण टांगेवाला नाही. न शिकलेल्या माणसाने टांगा हाकला, पुलावर अपघात झाला आणि बाबासाहेबांच्या पायाचे हाड मोडले. तोवर ते बॅरिस्टर झाले होते.

आपल्या रेल्वेच्या डब्यातला न्यायही सरळ नव्हता. १९१७ मध्ये गांधीजींनी तिसऱ्या वर्गाच्या प्रवासावर लिहिले. मुंबई-मद्रास, भाडे तेरा रुपये नऊ आणे, डब्यावर पाटी २२ माणसांची. पुण्यापर्यंत गर्दी पाटीच्या आत राहिली ती रेल्वेच्या शिस्तीमुळे नव्हे, तर आतल्या दांडग्यांनी बाहेरच्यांना थोपवून धरले म्हणून. रायचूरनंतर तेही जमेना. ‘सरकून घ्या’ म्हणणारा आत शिरला की पुढच्या स्टेशनात दार धरून उभा राहतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. सात वर्षांनी, १९२४ मध्ये, हेच गांधीजी आमच्या बेळगावच्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष होते.

आणि आता पुन्हा विमान. डिसेंबर २०१५ मध्ये रेने रॅबिनोविट्झ या ८१ वर्षांच्या निवृत्त वकीलबाई नेवार्कहून तेल अवीवला निघाल्या होत्या. लहानपणी नाझींच्या तावडीतून सुटलेल्या. शेजारी एक कर्मठ धार्मिक गृहस्थ आले, त्यांना परस्त्रीशेजारी बसायचे नव्हते. ते बाईंशी बोलले नाहीत. एल आल कंपनीच्या कर्मचाऱ्याने येऊन बाईंना दुसरी, अधिक चांगली जागा देऊ केली. बाई उठल्या, तिकडे जाऊन बसल्या, आणि घरी गेल्यावर त्यांनी दावा लावला. कंपनीचे म्हणणे असे की सक्ती नव्हती, विनंती होती. जून २०१७ मध्ये जेरुसलेमच्या न्यायालयाने सांगितले की शेजाऱ्याला स्त्री नको या कारणासाठी कर्मचाऱ्याने प्रवाशाला जागा बदलायला विचारणेच बेकायदा आहे. मागितलेल्या ५०,००० शेकेलांपैकी भरपाई मिळाली ६,५००. बाईंनी ती रक्कम कमी म्हणून तक्रार केल्याचे मी वाचलेले नाही.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये शिकागोला युनायटेडच्या विमानातून एका वयस्क डॉक्टरांना कंपनीच्या चार कर्मचाऱ्यांसाठी जागा करायची म्हणून रक्तबंबाळ करून ओढून काढण्यात आले. त्यानंतर स्वखुशीने जागा सोडणाऱ्याला १०,००० डॉलरपर्यंत देण्याची घोषणा त्या कंपनीने केली. हीच बोली आधी लावली असती तर अर्धे विमान रिकामे झाले असते!

आपल्याकडे एप्रिल २०२४ मध्ये नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने १२ वर्षांपर्यंतच्या मुलांना एकाच तिकिटावरच्या आई, वडील किंवा पालकाशेजारी जागा देण्याचा आदेश काढला. परतीच्या विमानातल्या त्या बाईंना खरे तर माझ्याकडे यावेच लागायला नको होते. शिल्लक राहतात ते मित्रांचे घोळके, नवी जोडपी, आणि खिडकीतून ढग पाहायचे असतात पण पैसे भरायचे नसतात असे आमच्यासारखे काही. त्यांनी विचारावे. उभे राहून विचारावे.