एका गाण्याचे मालक किती? ‘बॉडी अँड सोल’च्या निमित्ताने

जॅझ ऐकणाऱ्यांच्या बोलण्यात ‘स्टँडर्ड’ हा शब्द सारखा येतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ जुनं, छान, सगळ्यांना माहीत असलेलं गाणं एवढाच घेतला जातो. अर्थ चुकीचा नाही, पण अपुरा आहे. अमेरिकेत १९२० आणि १९३०च्या दशकांत नाटकांसाठी, रेव्ह्यूंसाठी, सिनेमांसाठी हजारो गाणी लिहिली गेली. त्यातली बहुतेक वर्षभरात विस्मरणात गेली. उरली ती मोजकी. का उरली? चाल गोड होती म्हणून, हे उत्तर मला पुरत नाही. विसरलेल्या गाण्यांतही गोड चाली खूप आहेत. आज मी मुख्यतः एकाच गाण्याबद्दल बोलणार आहे, आणि थोडं कायद्याबद्दल. कायदा म्हटल्यावर जांभई देऊ नका, गंमत तिथेच आहे.

गाणं आहे ‘बॉडी अँड सोल’. चाल जॉनी ग्रीन यांची. शब्दांवर तिघांची नावं आहेत: एडवर्ड हेमन, रॉबर्ट सॉवर आणि फ्रँक आयटन. १९३० साल. ग्रीन तेव्हा एकवीस वर्षांचे होते. गाणं त्यांनी लिहिलं ते गर्ट्रूड लॉरेन्स या ब्रिटिश अभिनेत्रीसाठी, त्यामुळे ते आधी लंडनमध्ये गाजलं. मग ऑक्टोबर १९३० मध्ये ‘थ्रीज अ क्राउड’ या ब्रॉडवेवरच्या रेव्ह्यूत लिबी होल्मन यांनी ते गायलं. पॉल व्हाइटमन यांच्या वाद्यवृंदाची तबकडी त्याच वर्षी आली. आणि त्याच ऑक्टोबरमध्ये लुई आर्मस्ट्राँग यांनीही ते ध्वनिमुद्रित केलं.

आता विचारा, एका तरुण संगीतकाराचं नवंकोरं गाणं इतक्या लोकांना इतक्या लवकर कसं मिळालं? परवानगीसाठी कुणाचे उंबरे झिजवावे लागले? याचं उत्तर अमेरिकेच्या १९०९च्या कॉपीराइट कायद्यात आहे. त्या काळात आपोआप वाजणारे पियानो होते. भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी घातली की ते वाजायचे. त्या गुंडाळ्यांच्या धंद्यात एओलियन नावाची एक कंपनी सगळ्या प्रकाशकांशी करार करून मक्तेदारी करील, अशी धास्ती काँग्रेसला वाटली. म्हणून तोडगा असा काढला की संगीतकाराने एकदा कुणाला यांत्रिक मुद्रणाची परवानगी दिली, की मग कुणीही तेच गाणं मुद्रित करू शकतं. विचारायला नको. फक्त प्रत्येक प्रतीमागे दोन सेंट द्यायचे. हा दोन सेंटांचा दर १९७८ पर्यंत तसाच राहिला!

पियानोच्या गुंडाळ्यांसाठी केलेला नियम ग्रामोफोनला लागू झाला आणि त्यातून गाण्याचं एक वेगळंच आयुष्य सुरू झालं. प्रकाशकालाही हेच हवं होतं. जितक्या जास्त लोकांनी मुद्रित करावं तितकं बरं. आपल्याकडे एक गाणं म्हटलं की एक आवाज डोळ्यापुढे येतो. तिथे एका गाण्याच्या पन्नास तबकड्या असायच्या आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटायचं नाही.

पण परवानगी मिळाली म्हणून वादक एखादं गाणं वर्षानुवर्षं वाजवत नाहीत. त्यात त्यांना खेळायला जागा लागते. नाटकातल्या गाण्याला आधी एक प्रस्तावनेसारखा भाग असे, मग मुख्य गाणं. जॅझवाल्यांनी प्रस्तावना बहुतेक कापून टाकली. राहिलं ते ३२ बारांचं गाणं. बार म्हणजे या गाण्यांत चार मात्रांचा तुकडा, तेव्हा हिशेबाने १२८ मात्रांचं एक आवर्तन. त्याला ते कोरस म्हणतात. आपल्या कोरसशी गल्लत नको. आठ बारांचा एक भाग, तोच परत, मग आठ बार वेगळे, शेवटी पहिला भाग पुन्हा. त्या मधल्या वेगळ्या भागाला ‘ब्रिज’, पूल म्हणतात.

‘बॉडी अँड सोल’चा पूल अवघड आहे. पेटीवर बसलेल्यांना सांगतो: गाणं काळी एकमध्ये चाललंय, आणि पुलावर पाय ठेवताच ते पांढरी दोनमध्ये जातं. अर्धाच स्वर वर, पण घर पूर्ण बदलतं. चार बारांनी पांढरी एक. आणि मग शेवटी कॉर्ड अर्ध्या अर्ध्या स्वराने घसरत, जिना उतरल्यासारखे, परत मूळ घरी येतात. नाटकातल्या प्रेक्षकाला यातलं काही कळायची गरज नव्हती. त्याला नुसता चटका बसायचा. वादकाला मात्र हे कोडं वाटायचं. दर आवर्तनाला हा जिना नव्या तऱ्हेने कसा उतरायचा?

याचं सगळ्यात गाजलेलं उत्तर ११ ऑक्टोबर १९३९ रोजी न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झालं. टेनर सॅक्सोफोनवर कोलमन हॉकिन्स. पाच वर्षं युरोपात काढून ते त्याच उन्हाळ्यात परतले होते. हे गाणं ते क्लबात वाजवायचे, पण मुद्रित करायला फारसे उत्सुक नव्हते, कंपनीच्या आग्रहाखातर सत्राच्या शेवटी वाजवलं, असं सांगतात. जीन रॉजर्स यांच्या पियानोचे चार बार होतात आणि हॉकिन्स सुरू होतात. पहिल्या काही बारांत चाल ओळखू येते. नंतर ती गेलीच. पुढचं सगळं उपज. दोन पूर्ण आवर्तनं, ६४ बार, जिथे जिथे कॉर्ड बदलतो तिथे तिथे त्याच्या पोटात शिरून काढलेल्या लांबच लांब ओळी. आवाज हळूहळू चढत जातो, शेवटाकडे टिपेला पोचतो आणि उतरतो. मूळ चाल परत येतच नाही.

दोनच आवर्तनं का? अहो, दहा इंची तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटांच्या आसपास जागा! या संथ लयीत त्यात ६४ बारच बसतात. त्या घट्टपणाचं श्रेय थोडं त्या तबकडीलाही द्यायला हवं.

ही तबकडी धडाक्यात खपली. चाल न वाजवता केलेलं वादन सामान्य लोकांनी विकत घेतलं, हे तेव्हा नवलच होतं. वादकांनी तर ती वाजवण्याची प्रत्येक ओळ पाठ केली. एडी जेफरसन यांनी पुढे हॉकिन्सच्या त्या वादनावरच शब्द बसवले आणि ते गायले. म्हणजे बघा, मूळ गाण्याचे शब्द नाहीत, मूळ चाल नाही. हॉकिन्सची उपज हेच आता गाणं झालं.

आणि इथे मालकीचा प्रश्न येतो. त्या तबकडीवर रचनाकार म्हणून नावं कुणाची? ग्रीन आणि मंडळींची. प्रत्येक प्रतीचे दोन सेंट त्यांच्या प्रकाशकाकडे. रेडिओवर तबकडी लागली की सादरीकरणाचं मानधन तेही गीतकार-संगीतकारांच्या संघटनेमार्फत त्यांनाच. हॉकिन्सना रेडिओवरून कायद्याने काहीही मिळणार नव्हतं. हा वाद त्याच सुमारास न्यायालयातही गेला होता. पॉल व्हाइटमन, ज्यांचं नाव आपण आत्ताच घेतलं, त्यांनी आपल्या तबकड्या रेडिओवर वाजवण्याला हरकत घेतली. १९४० मध्ये निकाल लागला: रेडिओ केंद्राने तबकडी विकत घेतली आहे, ती वाजवायला त्याला कुणी रोखू शकत नाही. अमेरिकेत साध्या रेडिओ प्रसारणासाठी गायक-वादकांना आजही कायद्याने मानधन नाही.

मला यात ग्रीन यांना खलनायक करायचं नाही. त्यांनी तो पूल बांधला नसता तर हॉकिन्स चालले कशावरून असते? पण दोघांनी केलेलं काम कायद्याच्या तराजूत किती वेगळं पडलं, ते पाहण्यासारखं आहे. कागदावर लिहिलेलं संगीत ही मालमत्ता, आणि वाजवता वाजवता सुचलेलं ही मजुरी. त्यातून कागदावर लिहिणारे, नाटक कंपन्यांत आणि प्रकाशकांकडे वावरणारे बहुतांशी गोरे, आणि हॉकिन्ससारखे अनेक मोठे वादक कृष्णवर्णीय. ही वाटणी वर्णद्वेषाच्या जुन्या रेषेवरच पडली होती.

पुढच्या पिढीने यातून वाट काढली. गाण्याची चाल आणि शब्द यांवर हक्क सांगता येतो. कॉर्डांच्या साखळीवर व्यवहारात कुणी हक्क सांगत नाही. मग साखळी तीच ठेवायची, वर नवी चाल बसवायची, नवं नाव द्यायचं. गर्श्विन यांच्या ‘आय गॉट रिदम’च्या साखळीवर अशा इतक्या चाली बसल्या की ती साखळीच ‘रिदम चेंजेस’ नावाने ओळखली जाते. २६ नोव्हेंबर १९४५ला चार्ली पार्कर सॅव्हॉय कंपनीसाठी ‘को-को’ मुद्रित करत होते. तिची साखळी ‘चेरोकी’ची, रे नोबल यांच्या १९३८ सालच्या गाण्याची. पहिल्या प्रयत्नात वादक सवयीने ‘चेरोकी’च्या चालीत शिरले आणि मध्येच थांबवले गेले. तो अर्धवट तुकडा आज उपलब्ध आहे, जरूर ऐका. चाल वाजली असती तर नोबल यांना पैसे द्यावे लागले असते! दुसऱ्या वेळी चाल गाळली आणि बीबॉपची एक अजरामर तबकडी तयार झाली. कंपनीचा कंजूषपणाही कधी कधी कलेच्या कामी येतो.

थोडं आपल्याकडे. १९३५ साली लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पुढे पियानोवादक टेडी वेदरफर्डही तिथे वाजवत. हीच गाणी गोव्याच्या वादकांनी छापील नोटेशनवरून आणि तबकड्यांवरून उचलली. ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, मूळचे अंतोनियो झेवियर वाझ, पुढे आपल्या सी. रामचंद्रांबरोबरही काम करत. स्टँडर्डचा एक साधा उपयोग इथे कळतो: एकमेकांची भाषा न येणारे वादकही गाण्याचं नाव आणि पट्टी ठरवून लगेच एकत्र वाजवू शकतात.

१९४८ मध्ये लाँग प्ले तबकडी आली आणि तीन मिनिटांचं कुंपण गेलं. एला फिट्झजेराल्ड यांनी १९५६ पासून एकेका रचनाकारावर आख्खे संच काढले; एकट्या गर्श्विन बंधूंवर ५३ गाणी. तोपर्यंत जुन्या नाटकांतलं सामान असलेली गाणी त्या संचांमुळे अभिजात ठरली. आणि ऑक्टोबर १९६० मध्ये जॉन कोल्ट्रेन यांनी ‘माय फेव्हरिट थिंग्ज’ मुद्रित केलं. ‘साउंड ऑफ म्युझिक’ सिनेमामुळे ते आपल्याला ठाऊक आहे, पण सिनेमा १९६५चा. कोल्ट्रेननी उचललं ते एक वर्ष जुनं नाटकातलं गाणं होतं. सोप्रानो सॅक्सोफोन, दोन कॉर्डांवर झुलणारा पियानो, पावणेचौदा मिनिटांच्या आसपास. गंमत म्हणजे कायद्यातला दर लांबीवर अवलंबून नव्हता. दोनच सेंट.

१९७०च्या दशकात बोस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयाच्या परिसरात ‘रिअल बुक’ नावाचं जाडजूड बाड तयार झालं. शेकडो स्टँडर्ड हाताने लिहिलेली, चुकांसकट, आणि कुणालाही एक छदाम न देता. तीस वर्षं ते दुकानांत गल्ल्याखालून विकलं जायचं. अधिकृत आवृत्ती २००४ मध्ये निघाली. म्हणजे ज्या पिढ्यांनी ही गाणी शिकली, त्यांतल्या पुष्कळांनी ती चोरीच्या पुस्तकातून शिकली.

आता शेवटची तारीख सांगतो आणि मग ध्वनिमुद्रण लावू. अमेरिकेत १९३० साली प्रकाशित झालेल्या रचनांचा ९५ वर्षांचा हक्क संपला, त्यामुळे ‘बॉडी अँड सोल’ १ जानेवारी २०२६ पासून तिथे सार्वजनिक झालं. ग्रीन यांची चाल तिथे कुणीही छापावी, वाजवावी, बदलावी. जुन्या ध्वनिमुद्रणांसाठी मात्र २०१८च्या कायद्याने वेगळा हिशेब आहे, १९३९च्या तबकडीला १०० वर्षं. त्यामुळे हॉकिन्सच्या त्या तीन मिनिटांवर कंपनीचा हक्क २०३९ अखेरपर्यंत राहील. हॉकिन्स १९६९ मध्ये वारले.

ऐकू या. सुरुवातीच्या ओळींत चाल पकडून ठेवा, आणि ती नेमकी कुठे सुटते ते बघा.