खेळाच्या मैदानाचे मोजमाप

घसरगुंडी, झोपाळे आणि लोखंडी शिड्या असलेले बागेतील खेळाचे मैदान आपल्या परिचयाचे असते. ते चांगले की वाईट, हे आपण बहुधा रंगावरून आणि गंजलेल्या साखळ्यांवरून ठरवतो. परंतु मैदान पारखण्याचे एक शास्त्र आहे, आणि त्याचा इतिहास फार जुना नाही.

सुरुवातीला प्रश्न एवढाच होता की, मुलांना खेळायला जागा आहे का? बर्लिनच्या बागांत मुलांसाठी वाळूचे ढीग ठेवलेले असत. ते पाहून डॉ. मारी झाक्शेव्स्का यांनी ही कल्पना अमेरिकेत कळवली आणि 1885 साली बोस्टन शहरात एका प्रार्थनामंदिराच्या अंगणात असाच ढीग टाकण्यात आला. 1906 साली अमेरिकेत क्रीडांगणांचा प्रसार करणारी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्यापाठोपाठ साधने आली. 1923 साली सेबॅस्टियन हिंटन यांना ‘जंगल जिम’चे पेटंट मिळाले. त्याचे मूळ गमतीदार आहे. त्यांचे वडील चार्ल्स हिंटन हे गणितज्ञ. जपानमध्ये असताना त्यांनी मुलांना त्रिमिती समजावी म्हणून बांबूंचा सांगाडा उभारला होता. क्ष, य, झ हे निर्देशक पुकारायचे आणि मुलांनी त्या बिंदूवर चढायचे. गणित मागे पडले, चढणे मात्र राहिले.

पुढे शहरांतील अनेक मैदानांवर डांबर किंवा काँक्रीट आले, कारण ते झाडायला सोपे आणि चिखलमुक्त. साधने उंच होत गेली आणि खालची जमीन टणक. अमेरिकेत 1972 च्या कायद्याने ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोग स्थापन झाला. अपघातांच्या नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा दिसले की, बहुतेक दुखापती साधन मोडल्याने नव्हे, तर मूल जमिनीवर पडल्याने होतात. आयोगाने 1981 साली मैदानांसाठी सुरक्षा-पुस्तिका काढली.

यामागचे भौतिकशास्त्र नववीच्या विद्यार्थ्यालाही करता येईल. 2 मीटर उंचीवरून पडलेले मूल जमिनीशी सेकंदाला सुमारे 6.3 मीटर, म्हणजे ताशी 22 ते 23 किलोमीटर वेगाने भिडते. ते किती अंतरात थांबते, यावर सारे अवलंबून आहे. 5 मिलिमीटरांत थांबले तर सरासरी मंदन गुरुत्वीय त्वरणाच्या 400 पट होते. जमीन 5 सेंटिमीटर दबली तर ते 40 पटींवर येते. उंची तीच, वेग तोच. फरक फक्त जमिनीचा.

डोक्याला किती आघात सोसतो, याचे संशोधन मुळात मोटार अपघातांसाठी डेट्रॉइटच्या वेन स्टेट विद्यापीठात झाले. मोठे त्वरण अत्यल्प काळ सोसते, पण तेच अधिक काळ टिकले तर घातक ठरते, हे त्यातून कळले. त्यावर आधारलेला ‘शिरोघात निर्देशांक’ मैदानांसाठीही स्वीकारला गेला. त्वरणमापक बसवलेला कृत्रिम डोक्याचा गोल ठरावीक उंचीवरून टाकतात; निर्देशांक 1000 च्या आणि कमाल त्वरण 200 g च्या आत राहिले पाहिजे. कठड्यांच्या फटींनाही मापे आली. सुमारे 9 ते 23 सेंटिमीटरांची फट धोक्याची, कारण पाय पुढे सरकवणाऱ्या मुलाचे धड त्यातून निसटते आणि डोके अडकते.

तिसरा प्रश्न उशिरा विचारला गेला. या मैदानात कोण येऊ शकत नाही? 1990 च्या अमेरिकी अपंगहक्क कायद्यानंतर, 2000 साली तेथे मैदानांच्या सुगमतेची मार्गदर्शक तत्त्वे आली. येथे एक पेच उभा राहिला. पडणाऱ्या मुलाला वाचवणारी भुसभुशीत वाळू चाकाच्या खुर्चीला मात्र रोवून टाकते. मऊपणा हवा की टणकपणा? यावरही मोजमापानेच मार्ग काढला. पृष्ठभागावर चाकाची खुर्ची ढकलायला लागणारे कार्य मोजायचे आणि त्याची तुलना 14 स 1 चढाच्या टणक उतारावरील कार्याशी करायची. ते त्याहून कमी भरले तर पृष्ठभाग सुगम. रबरी आच्छादने दोन्ही कसोट्यांना उतरू शकतात, पण ती महाग आहेत. स्वस्त उपाय म्हणजे साधनांखाली वाळू आणि त्यांच्यापर्यंत जाणारी घट्ट, सपाट वाट.

आपल्याकडे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेसाठी क्रीडांगण आणि अडथळाविरहित प्रवेश, दोन्ही नमूद आहेत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही सुगमतेवर भर दिला आहे. मोजमापासाठी प्रयोगशाळा लागत नाही. विद्यार्थ्यांच्या हाती मोजपट्टी द्यावी. पडण्याची सर्वांत मोठी उंची किती? झोपाळ्याखालची वाळू किती खोल? ती पायांनी उडून जाते आणि भिजून घट्ट बसते, म्हणून हे माप वर्षातून अनेकदा घ्यावे. कठड्याच्या फटी किती? दारात पायरी किती उंचीची? फाटकाचा आडवा दांडा चाकाच्या खुर्चीला वाट देतो का?

मापे लिहून नकाशासह ग्रामपंचायतीला किंवा नगरपालिकेला द्यावीत. ‘मैदान खराब आहे’ या तक्रारीपेक्षा ‘दीड मीटर उंच शिडीखाली काँक्रीट आहे’ हे वाक्य टाळणे कठीण असते. धोका दिसला म्हणून साधनच काढून टाकण्याची घाई मात्र करू नये. बहुतेक वेळा बदलायची असते ती खालची जमीन आणि दारातली पायरी.