एका टेबलावर बसण्याचा इतिहास

दिवाळी सरली की आपल्या गटांमध्ये सहलीची बोलणी सुरू होतात. बहुतेक वेळा गाडी कोकणाकडे वळते. मालवणचा किल्ला बघायचा, तारकर्लीच्या वाळूत पाय भिजवायचे आणि दुपारी समुद्राकाठच्या एखाद्या हॉटेलात टेबलं जोडून तीस-चाळीस जणींनी एकत्र जेवायचं. सुरमई, बांगडा, तिसऱ्यांचं सुकं, वर सोलकढी. आज आम्ही तुम्हाला किल्ल्याचा इतिहास सांगणार नाही, तो गाईड सांगेलच. आज या जोडलेल्या टेबलांचा इतिहास सांगतो. कारण तिथे आपण सगळ्या मिळून बसतो, ही गोष्ट सहज घडलेली नाही.

पहिली अडचण होती जातीची. कोणाच्या हातचं खायचं, कोणाच्या पंगतीला बसायचं, हे जन्मानंच ठरलेलं असे. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. जात मोडायची शपथ म्हणून तिचे सभासद ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खायचे. पण कसे? गुपचूप, कोणाला कळणार नाही असे. १८६० साली सभासदांची नावं फुटली आणि सभाच बंद पडली. १८९० साली पुण्यात पंचहौद मिशनमध्ये काही मोठ्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं ठेवली गेली. न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक तिथे होते. डॉक्टर आनंदीबाई जोशींचे पती गोपाळराव यांनी हजर असलेल्यांची नावं छापून आणली आणि पुण्यात केवढं तरी वादळ उठलं. खटला धर्मपीठापर्यंत गेला, प्रायश्चित्तं घ्यावी लागली. एका कपभर चहासाठी! एवढ्या मोठ्या लोकांची ही गत, तर गावकुसाबाहेरच्या माणसाचं काय होत असेल, विचार करा.

ते महाडला दिसलं. २० मार्च १९२७ रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचं पाणी घेतलं. त्यानंतर परिषदेच्या मांडवात लोक जेवत होते, तिथे जमाव चालून आला. माणसांना मारलं, अन्न मातीत तुडवलं. त्याआधी कोल्हापुरात शाहू महाराजांनी वेगळीच तऱ्हा केली होती. दलित समाजातल्या गंगाराम कांबळे यांना त्यांनी चहाचं हॉटेल काढायला मदत केली. तिथे गिऱ्हाईक येईना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्यांनाही पाजू लागले. राजा पितो म्हटल्यावर नाही कोण म्हणणार?

पुढे २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली. तिच्या कलम १५ मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं असं नाव घेऊन लिहिलंय, की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यावरून तिथे कोणालाही अडवता येणार नाही. मैत्रिणींनो, त्यात ‘लिंग’ हा शब्दही आहे. म्हणजे आपणही त्यात आलो.

दुसरी अडचण आपली, बायकांची. घरात सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायचं, ही आपली रीत. बाहेर खाणं हे पुरुषांचं काम. हॉटेलात बाई शिरलीच तर तिला आतल्या बाजूला, पडद्यामागं बसवायचे. ‘फॅमिली रूमची सोय आहे’ ही पाटी आपल्यापैकी पन्नाशीतल्या जणींना आठवत असेल. सोय म्हणायचं खरं, पण बाई खाताना दिसू नये, हा त्यामागचा हिशोब. आणि बरोबर पुरुष नसेल तर त्या खोलीतही जायची चोरीच.

तिसरी अडचण पैशाची. इथे आपल्याला खानावळवाल्या बायांकडे बघावं लागेल. जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातले पुरुष आगबोटीनं मुंबईला जायचे आणि गिरण्यांत कामाला लागायचे. बायकामुलं गावी. त्यांच्या जेवणाची सोय लालबाग-परळच्या चाळींतल्या बाया करायच्या. दहा बाय बाराच्या खोलीत पहाटेपासून भाकऱ्या. किराणा उधारीवर, गिऱ्हाइकाचे पैसे पगाराला, मधल्या काळात व्याज चढत राहायचं. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी या बायांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. गहाण ठेवायला काही नसलेल्या बाईलाही बँक कर्ज देऊ शकते आणि ती ते फेडते, हे या खानावळवाल्यांनी दाखवून दिलं. आपल्या गटाचं पासबुक त्याच वाटेवरचं आहे.

आता पुन्हा मालवणला येऊ. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. बाहेरची माणसं येऊ लागली, तशा पडवीत, अंगणात घरगुती खानावळी निघाल्या. आत बहुतेक ठिकाणी बाईच. पहाटे मासळी निवडणारी, वाटण वाटणारी, वडे तळणारी. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा तिचीही कमाई आटते. आपल्या ताटामागं तिचा असा सगळा हिशोब असतो.

हे सांगायचं कारण एकच. सहलीच्या यादीत नाव असूनही जेवायच्या वेळी काही जणी बाजूला होतात. ‘आमचा डबा आहे’ म्हणतात. कोणाला थाळीचे पैसे जड जातात, कोणाला घरची भीती असते. आणि कोणाच्या मनात ‘शेजारी कोण बसणार’ हेही असतं. ते कोणी मोठ्यानं बोलत नाही, पण गटात सगळ्यांना कळतं. जिच्यामुळं ती बाजूला झाली, तिला तर नक्कीच कळतं.

म्हणून यंदा निघण्याआधीच बैठकीत ठरवू या. जेवणाचे पैसे सहलीच्या वर्गणीत धरायचे, दर महिन्याला थोडे थोडे साठवायचे, म्हणजे ऐन वेळी कोणाची मान खाली जाणार नाही. सोमवार-गुरुवार पाळणाऱ्या किती, मासे न खाणाऱ्या किती, हे मोजून हॉटेलला आदल्या दिवशी फोन करायचा. डबा आणला तरी हरकत नाही, पण तो त्याच टेबलावर उघडायचा आणि सगळ्यांनी चाखायचा. आणि जागा निवडून बसायचं नाही, येईल तशी बसेल. निघताना स्वयंपाकघरात डोकावून त्या ताईला सांगायचं, ‘जेवण झकास झालं हो!’ जमलं तर ती गटात आहे का, कर्जाचं काय करते, तेही विचारायचं.

पुढच्या आठवड्यात याच वेळी भेटू. तोवर नमस्कार.