हिशोब मागण्याचा अधिकार : गांवकरी ते गृहनिर्माण संस्था

अफोंसो मेशिया याने १५२६ साली जो 'फोराल' सिद्ध केला, त्यात तिसवाडीतील गांवकरीच्या रूढी लेखनिविष्ट झाल्या. ही व्यवस्था पोर्तुगीजांनी निर्माण केली नव्हती, ती त्यांना येथे आयती मिळाली. जमीन गांवाची, निर्णय गांवकऱ्यांच्या बैठकीचा आणि नोंद कुलकर्ण्याची. सरकारी देणे व गांवखर्च भागवून उरेल ते गांवकऱ्यांनी वाटून घ्यायचे. वाटणीवर प्रत्येकाचा हक्क असल्यामुळे हिशोबाकडे डोळेझाक करणे कोणालाच परवडणारे नव्हते.

आपल्या पेडणे-डिचोलीचा इतिहास मात्र थोडा निराळा आहे. सावंतवाडीकरांच्या ताब्यातील हे महाल १७८८ पर्यंत पोर्तुगीज अंमलाखाली गेले आणि 'नव्या काबिजादी' ठरले. तोवर धर्मांतराची लाट ओसरली होती. येथील रीतिरिवाज तसेच ठेवण्याचे धोरण राज्यकर्त्यांनी पत्करले. नव्या काबिजादींतील रहिवाशांच्या रूढींची संहिता १८५३ मध्ये मंजूर झाली, ती पोर्तुगीजबरोबर मराठीतही छापली गेली. राज्यकर्त्याला आपला कायदा रयतेच्या भाषेत छापावा लागला, ही घटना आपल्या जुन्या घराण्यांनी विसरू नये अशीच आहे. ज्याला कायदा वाचता येतो त्यालाच कारभाऱ्याला जाब विचारता येतो.

पुढे १८८२, १९०४, १९३३ आणि अखेर १५ एप्रिल १९६१ अशा एकामागून एक संहिता आल्या. दर तीन वर्षांनी निवडलेली समिती, वार्षिक अंदाजपत्रक आणि वर सरकारी प्रशासक अशी चौकट १९६१ च्या संहितेत बांधलेली दिसते. गोवा मुक्त झाला तरी ती रद्द झाली नाही. उत्तर विभागाचा प्रशासक म्हापशाला बसतो.

तरीही गांवकरीचे गुणगान करताना हात आखडता घ्यावासा वाटतो. हिशोब मागण्याचा अधिकार होता तो गांवकऱ्यांना, म्हणजे मूळ घराण्यांतील पुरुषांना. त्याच गांवात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मुंडकाराला बैठकीत जागा नव्हती. दुसऱ्याच्या जमिनीवर त्याचे घर, आणि त्या जमिनीविषयी विचारण्याचा त्याला हक्क नाही! त्याला घरातून हुसकावण्यास १९७५ च्या मुंडकार संरक्षण कायद्याने अटकाव केला. पेडण्यात तर देसाई घराण्यांचे वर्चस्व मोठे, त्यामुळे तेथे गांवकरीचा आवाज मुळातच क्षीण होता.

मुक्तीनंतर घराचा प्रश्न सरकारच्या दारी आला. महाराष्ट्राचा १९६० चा सहकारी संस्था कायदा येथे लागू झाला, १९६८ च्या कायद्याने गृहनिर्माण मंडळाची तरतूद झाली आणि पुढे २००१ मध्ये गोव्याने स्वतःचा सहकार कायदा केला. वार्षिक सभा, लेखापरीक्षण, निबंधकाची चौकशी हे सारे कागदावर चोख आहे. सरकारी सेवेत असताना असे अनेक अहवाल माझ्या नजरेखालून गेले. एकच आक्षेप वर्षानुवर्षे त्याच शब्दांत उतरवलेला दिसे आणि सभेची गणसंख्या कशीबशी पुरी झालेली असे. आपला वाटा मिळणार म्हणून गांवकरी जागा राहत असे. सदनिकेचा ताबा मिळाला की संस्थेचा सभासद बहुधा झोपी जातो.

आणि ज्या संस्थेला सरकारी जमीन किंवा अनुदान मिळाले तिचा हिशोब केवळ सभासदांपुरता मानायचा काय? जुन्या मुंडकाराचाच प्रश्न येथे नव्या वेषात उभा राहतो. माहितीच्या अधिकाराबाबत गोवा पुढारलेला, त्याचा कायदा १९९७ चा, म्हणजे केंद्राच्या २००५ च्या कायद्यापूर्वीचा. परंतु केरळमधील थलप्पलम सहकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये निर्णय दिला, की केवळ निबंधकाची देखरेख असल्याने सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही. त्यासाठी सरकारचे भरीव अर्थसाहाय्य किंवा सखोल नियंत्रण सिद्ध व्हावे लागते. भरीव म्हणजे किती, यावर वाद घालण्यातच अर्जदाराची वर्षे जातात. सार्वजनिक जमीन सवलतीने घेतली की तेवढ्यावरच तो वाद संपला पाहिजे, असे माझे मत आहे.

त्याच निर्णयात एक वाट मोकळी राहिली आहे, ती फारशी कोणी वापरत नाही. निबंधक हा सार्वजनिक अधिकारी आहे, आणि कायद्याने जी माहिती तो संस्थेकडून मागवू शकतो ती नागरिकाला त्याच्यामार्फत मिळू शकते. खाजगी स्वरूपाचा तपशील वगळला जाईल हे खरे, पण लेखापरीक्षणाचा अहवाल आणि त्यावरील दुरुस्तीचा तपशील पेडण्यातल्या वा डिचोलीतल्या कोणालाही निबंधकाकडे साध्या अर्जाने मागता येतो. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे.